भिंत पडण्याआधीचं गाणं: 'विंड ऑफ चेंज' समजून घेताना

दरवर्षी ९ नोव्हेंबर जवळ आला की बर्लिनची भिंत हातोड्याने फोडणाऱ्या तरुणांच्या चित्रफिती पुन्हा फिरू लागतात, आणि त्यामागे बहुतेक वेळा एक शिट्टी वाजत असते. संथ, थोडी उदास, पण हताश न वाटणारी. बँडचं नाव ठाऊक नसलेल्यांनाही ही शिट्टी ओळखू येते. जर्मनीच्या स्कॉर्पियन्स या रॉक बँडचं 'विंड ऑफ चेंज' हे ते गाणं.

चित्रं आणि शिट्टी इतकी वर्षं एकत्र पाहिल्यामुळे एक समज पक्का झाला आहे: भिंत पडली आणि त्या आनंदात हे गाणं लिहिलं गेलं. प्रत्यक्षात क्रम उलटा आहे. गाणं लिहिलं गेलं तेव्हा भिंत उभी होती आणि तिच्यावर सशस्त्र पहारा होता. गाण्यात बर्लिनचा उल्लेख नाही, भिंतीचा तर नाहीच. नाव येतं ते मॉस्क्वा नदीचं आणि गॉर्की पार्कचं. पुढे काय होणार हे कुणालाच ठाऊक नसताना एका माणसाला हवेत काहीतरी जाणवलं आणि त्याने ते टिपून ठेवलं. या गाण्याची सगळी ताकद त्या अनिश्चिततेत आहे, म्हणून ते समजून घ्यायचं तर तारखा नीट लावून घ्याव्या लागतात.

आधी ओळख

स्कॉर्पियन्सची सुरुवात १९६५ मध्ये पश्चिम जर्मनीतल्या हॅनोव्हर शहरात झाली. संस्थापक गिटारवादक रुडॉल्फ शेंकर, मुख्य गायक क्लाउस माइने. जर्मन असूनही ते गायचे इंग्रजीत, आणि १९८० च्या दशकात अमेरिकेत मोठमोठी मैदानं भरवणारा बँड म्हणून त्यांचं नाव झालं होतं. या गाण्याचे शब्द आणि चाल दोन्ही एकट्या माइने यांची.

ज्याला 'पॉवर बॅलड' म्हणतात त्या प्रकारात हे गाणं मोडतं. सुरुवात अगदी हळू, एखाद्या गिटारवर किंवा पियानोवर, मग कडव्याकडव्याला वाद्यं वाढत जातात, ध्रुवपदाला ढोल-ताशा निघावा तसा सगळा बँड एकदम उतरतो, मध्ये गिटारचा एक लांब तुकडा आणि शेवटी पुन्हा शांतता. एरवी हा साचा प्रेमभंगासाठी वापरला जायचा. इथे तो राजकारणासाठी वापरला गेला, तोही कुठलीही घोषणा न देता.

तेव्हाचं जग कसं होतं

दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मनीचे दोन तुकडे झाले. पश्चिमेकडचा अमेरिकेच्या गोटात, पूर्वेकडचा सोव्हिएत संघाच्या. घरात भाऊबंदकी झाली की अंगणात भिंत येते, तशी ही वाटणी होती. फरक एवढाच की भिंत घालणारे घराबाहेरचे होते. बर्लिन शहर पूर्व जर्मनीच्या पोटात, पण त्याचा पश्चिम भाग दुसऱ्या गोटाचा. तिकडे पळून जाणारी माणसं थांबवण्यासाठी १३ ऑगस्ट १९६१ रोजी पूर्व जर्मनीने पश्चिम बर्लिनभोवती कुंपण घालायला सुरुवात केली आणि त्याचीच पुढे काँक्रीटची भिंत झाली. दोन्ही जर्मनींमधली लांबलचक सीमा वेगळी. तीही तारांनी आणि पहाऱ्याच्या मनोऱ्यांनी बंद. हॅनोव्हरहून पूर्वेला निघालं की शंभर किलोमीटरच्या आत ही सीमा लागायची. स्कॉर्पियन्सची मंडळी या फाळणीच्या शेजारीच वाढली.

मार्च १९८५ मध्ये मिखाइल गोर्बाचेव्ह सोव्हिएत संघाचे सर्वोच्च नेते झाले. त्यांच्या धोरणाचे दोन शब्द तेव्हा मराठी वर्तमानपत्रांतही रोज दिसत. 'पेरेस्त्रोइका' म्हणजे व्यवस्थेची फेरउभारणी आणि 'ग्लासनोस्त' म्हणजे मोकळेपणा, जे आहे ते उघड बोलण्याची मुभा. डिसेंबर १९८८ मध्ये संयुक्त राष्ट्रांत त्यांनी सैन्यात पाच लाखांची कपात जाहीर केली. कुलूप अजून उघडलं नव्हतं, पण आतून किल्ली फिरल्याचा आवाज येऊ लागला होता.

रॉक संगीताबाबत हा बदल फार जाणवणारा होता. त्याआधी सोव्हिएत संघात रेकॉर्ड छापण्याची मक्तेदारी 'मेलोदिया' या सरकारी कंपनीकडे होती, आणि पाश्चात्त्य रॉक तिच्या यादीत नसल्यातच जमा. मेलोदियाच्याही आधी, युद्धानंतरच्या वर्षांत, तरुणांनी अशा सरकारी बंधनांवर काढलेला उपाय थक्क करणारा आहे: रुग्णालयांतून टाकून दिलेल्या एक्स-रेच्या फिल्म गोळा करायच्या, कात्रीने गोल कापायच्या, मधोमध सिगारेटने भोक पाडायचं आणि त्या फिल्मवर चोरून आणलेलं गाणं कोरायचं. उजेडाकडे धरलं की बरगड्या दिसायच्या, म्हणून लोक याला 'हाडांवरचं संगीत' म्हणत. खरखर भरपूर, आणि काही वेळा वाजवली की तबकडी गेलीच. पुढे टेपरेकॉर्डर आले आणि कॉपीवरून कॉपी काढणं सुरू झालं. स्कॉर्पियन्सची गाणीही मॉस्को-लेनिनग्राडमध्ये अधिकृत विक्री नसताना पोहोचली ती अशीच, हातोहात.

लेनिनग्राड, १९८८: जर्मनांनी तिथे गाणं सोपं का नव्हतं

एप्रिल १९८८ मध्ये स्कॉर्पियन्सना सोव्हिएत संघात गाण्याची परवानगी मिळाली. मॉस्कोतले कार्यक्रम रद्द झाले, आणि बँडने लेनिनग्राडला, म्हणजे आजच्या सेंट पीटर्सबर्गला, १० कार्यक्रम केले.

हे शहर नुसतं 'परदेशातलं एक शहर' नव्हतं. सप्टेंबर १९४१ ते जानेवारी १९४४ असा सुमारे ८७२ दिवस जर्मन सैन्याने त्याला वेढा घातला होता. लाखो माणसं उपासमारीने आणि थंडीने मेली. संपूर्ण युद्धात सोव्हिएत संघाने गमावलेल्या माणसांचा आकडा सुमारे २ कोटी ७० लाख धरला जातो. १९८८ मध्ये वेढा भोगलेली पिढी साठीच्या घरात होती, म्हणजे गाणं ऐकायला आलेल्या मुलांच्या घरात आजी-आजोबा म्हणून वावरत होती. अशा शहरात जर्मन मुलं विजेच्या गिटारी घेऊन उभी राहिली आणि तिथल्या मुलांनी त्यांना डोक्यावर घेतलं. आमच्या आई-वडिलांची पिढी इथे रणगाडे घेऊन आली, आम्ही गिटार घेऊन आलो, अशा अर्थाचं बँडमधल्यांनी नंतर वेळोवेळी सांगितलं आहे.

गाण्यातली भावांसारखं जवळ येण्याची ओळ या पार्श्वभूमीवर ऐकली की तिचं वजन बदलतं. एरवी ती कुठल्याही शुभेच्छापत्रावर शोभेल अशी आहे. पण जर्मन माणसाने रशियन माणसाला ती म्हणणं ही फार मोठी गोष्ट होती, आणि रशियन माणसाने ती ऐकून घेणं त्याहून मोठी. या गाण्यावर लिहिताना हा मुद्दा बहुतेक ठिकाणी एका वाक्यात उरकला जातो, याचं वाईट वाटतं.

ऑगस्ट १९८९: मॉस्कोतले दोन दिवस

१२ आणि १३ ऑगस्ट १९८९ रोजी मॉस्कोच्या लेनिन स्टेडियममध्ये 'मॉस्को म्युझिक पीस फेस्टिव्हल' झाला. (हेच आजचं लुझनिकी, २०१८ च्या फुटबॉल विश्वचषकाचा अंतिम सामना इथेच झाला.) अमेरिकेकडून व्यवस्थापक डॉक मॅकगी आणि रशियाकडून संगीतकार स्तास नामीन यांनी तो जुळवून आणला. जाहीर हेतू अमली पदार्थ आणि दारूविरोधी प्रचाराचा. मंचावर बॉन जोव्ही, ऑझी ऑस्बर्न, मॉटली क्रू, सिंड्रेला, स्किड रो, रशियाचा गॉर्की पार्क हा बँड आणि स्कॉर्पियन्स. १३ ऑगस्ट हा बर्लिनच्या भिंतीचा २८ वा वाढदिवस होता, हा योगायोग सहसा कुणाच्या लक्षात येत नाही.

मैदानात बंदोबस्ताला लाल सेनेचे जवान होते. माइने यांनी अनेक मुलाखतींत सांगितलंय की संगीत सुरू झाल्यावर गर्दीकडे तोंड करून उभे असलेले हे जवान मंचाकडे वळले, त्यांनी टोप्या हवेत उडवल्या आणि पहारेकरी व प्रेक्षक यांतला फरकच उरला नाही. आणि एका संध्याकाळी कलाकार, पत्रकार आणि सैनिक असे सगळे एका बोटीतून मॉस्क्वा नदीवरून गॉर्की पार्ककडे गेले. वेगवेगळ्या देशांची माणसं, एकमेकांची भाषा न येणारी, एकाच बोटीत. गाण्याची पहिली ओळ म्हणजे या प्रवासाचा सरळ पत्ता आहे: मॉस्क्वाच्या काठाने गॉर्की पार्कपर्यंत, बदलाचा वारा ऐकत.

घरी परतल्यावर थोड्याच दिवसांत माइने यांनी गाणं रचलं. त्या सुमारास हंगेरीने आपली सीमा खुली केली होती आणि पूर्व जर्मनीतली माणसं त्या वाटेने निसटू लागली होती. पूर्व जर्मनीतल्याच लाइपझिग शहरात सरकारविरोधी सोमवारचे मोर्चे वाढत होते. पण त्याच वर्षी ४ जूनला बीजिंगमध्ये रणगाड्यांनी आंदोलन चिरडलं गेलं होतं. पूर्व बर्लिनमध्येही तसंच होईल, ही भीती खरीखुरी होती. गाणं या दोन शक्यतांच्या मधल्या काळात जन्मलेलं आहे.

शब्दांत नेमकं काय आहे

गाण्यात कुठलीही मागणी नाही, कुणाचा निषेध नाही, कुठल्याही नेत्याचं नाव नाही. ऑगस्टची उन्हाळी रात्र आहे, शेजारून सैनिक चालत जातायत, आणि भविष्य हवेत आहे असं गाणाऱ्याला जागोजागी जाणवतंय. पुढे तो रस्त्यावरून चालत असताना जुन्या आठवणी कायमच्या गाडल्या गेल्याचं म्हणतो. ध्रुवपदात उद्याच्या मुलांनी त्या वाऱ्यात स्वप्नं पाहावीत एवढीच इच्छा.

आपल्याकडे राजकीय गाणं म्हटलं की शाहिरी आठवते. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात अमर शेख किंवा अण्णाभाऊ साठे गायचे ते समोरच्या माणसाला उठवण्यासाठी. त्यांच्या गाण्याला पत्ता होता, शत्रू होता, मागणी होती. 'विंड ऑफ चेंज' त्या जातीचं नाही. हा पाहुणा आहे, दुसऱ्याच्या गावात संध्याकाळी फिरायला निघालेला, आणि जे दिसलं ते सांगणारा.

'बदलाचा वारा' हा शब्दप्रयोग माइने यांच्या आधीही राजकारणात गाजलेला होता. ब्रिटनचे पंतप्रधान हॅरॉल्ड मॅकमिलन यांनी ३ फेब्रुवारी १९६० रोजी केपटाउनच्या संसदेत आफ्रिकेतल्या स्वातंत्र्याच्या लाटेबद्दल बोलताना तो वापरला होता. मराठीत वाऱ्याची प्रतिमा जरा सावध आहे. 'वारा पाहून पाठ द्यावी' असं आपण म्हणतो, त्यात स्वतःला वाचवण्याचं शहाणपण आहे. माइने यांचा वारा वेगळा. तिथे माणूस वाऱ्याला पाठ देत नाही, कान देतो.

एक ओळ मुद्दाम थांबून पाहण्यासारखी आहे. गाणारा रशियन श्रोत्याला सांगतो की माझ्या गिटारला जे म्हणायचंय ते तुझ्या बालालाइकाने गावं. बालालाइका म्हणजे तीन तारांचं, त्रिकोणी पोटाचं रशियन लोकवाद्य. तिच्या नेहमीच्या प्रकारात दोन तारा एकाच स्वरात लावतात आणि तिसरी त्यापासून वरच्या चौथ्या स्वरात (तो सा असेल तर म). एका वाद्याने दुसऱ्याची भाषा बोलावी, ही कल्पना शांतता परिषदेच्या कुठल्याही ठरावापेक्षा नेमकी आहे.

चाल कशी बांधली आहे

ज्यांना पेटी कळते त्यांच्यासाठी: गाणं पांढरी एकचं आहे, म्हणजे सी मेजर. सा पांढरी एक धरला की स्वर सगळे शुद्ध, बिलावल थाटाचे. लय संथ, मिनिटाला साधारण ७५ ठोके. लांबी पाच मिनिटांहून जास्त.

शिट्टीखालचे कॉर्ड असे जातात: एफ, डी मायनर, एफ, डी मायनर, ए मायनर, डी मायनर, ए मायनर, जी. कॉर्ड म्हणजे एकत्र वाजवलेले तीन-चार स्वर. एफमध्ये म-ध-सा आहेत, डी मायनरमध्ये रे-म-ध. म आणि ध दोन्हींत आहेत, त्यामुळे एकातून दुसऱ्यात जाताना काही मोठं घडल्यासारखं वाटत नाही, नुसती हवा हलल्यासारखी वाटते. आणि गंमत अशी की या सबंध शिट्टीत घरचा कॉर्ड, सी, येतच नाही. गाणं घराबाहेरच तरंगत राहतं. शेवटच्या जीमध्ये प-नी-रे आहेत. त्यातला नी सा कडे ओढतो, आणि पहिली ओळ सुरू होताना आपण पहिल्यांदा घरात पाऊल टाकतो. कुणी न सांगताही ऐकणाऱ्याला 'पोहोचलो' असं वाटतं, ते या बांधणीमुळे.

मधल्या भागात वादळी वारा आणि स्वातंत्र्याची घंटा येते, तिथे चाल ए मायनरकडे झुकते आणि ई मेजर हा कॉर्ड येतो. त्यात कोमल धैवत आहे, इतका वेळ कुठेही न आलेला स्वर. बिलावलच्या मोकळ्या अंगणात अचानक सावली पडावी तसं होतं. बालालाइकाची ओळ नेमकी याच जागी संपते आणि लगेच गिटारचा तुकडा सुरू होतो. 'माझ्या गिटारला जे म्हणायचंय' असं म्हणून गायक थांबतो आणि गिटार खरोखर बोलायला लागते. ही जागा योगायोगाने साधलेली वाटत नाही.

शिट्टीबद्दल: माइने यांनी ही धून शिट्टीवर वाजवली. रॉक बँडच्या गाण्यात शिट्टी नको, काढून टाका, असा आग्रह रेकॉर्ड कंपनीकडून झाला होता. काढूनही पाहिली, पण गाण्यातला जीवच गेला, म्हणून परत घातली. शिट्टीला भाषा लागत नाही, वाद्य लागत नाही, आणि ती माणूस एकटा रस्त्याने चालताना घालतो. या गाण्याला याहून योग्य सुरुवात मला सुचत नाही.

बसवायला घेतलं तर कुठे अडतं

कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये हे गाणं हमखास कुणीतरी घेतं, कारण कॉर्ड मोजकेच आहेत. तरी चार जागी घसरगुंडी होते.

पहिली अडचण आवाजाची. माइने यांचा आवाज उंच पट्टीचा आहे. सर्वसाधारण पुरुषी आवाज पांढरी एकमध्ये ध्रुवपदाला फाटतो. गाणं पांढरी पाचला, म्हणजे जीमध्ये उतरवावं. मग सीच्या जागी जी, डी मायनरच्या जागी ए मायनर, ए मायनरच्या जागी ई मायनर, एफच्या जागी सी आणि जीच्या जागी डी. नवशिक्या गिटारवाल्याला यात आणखी एक फायदा: सगळ्या तारा एका बोटाने दाबून धरायचा एफ टळतो. ई मेजरच्या जागी बी येतो, तो अवघड वाटला तर बी सेव्हनवर भागतं. पट्टी जास्तच खाली वाटली तर दुसऱ्या फ्रेटवर कॅपो (सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा) लावायचा.

दुसरी अडचण शिट्टीची. मंचावर घसा आणि ओठ कोरडे पडतात आणि ऐनवेळी नुसती हवा येते. आधी दोन घोट पाणी प्यावं आणि ओठ ओले करावेत. जोर लावला की शिट्टीचा स्वर चढतो, म्हणून हळूच वाजवून माइकला मोठं करू द्यावं. माइक थेट तोंडासमोर धरला तर फुंकर आदळून धडधड ऐकू येते. तो हनुवटीच्या पातळीवर, किंचित बाजूला धरावा. आणि समोर मित्र बसले असतील तर त्यांच्याकडे पाहू नये, ओठावर हसू आलं की शिट्टी संपली.

तिसरी चूक बळाची. सुरुवातीलाच ड्रम आणि गिटार पूर्ण ताकदीने लावले तर ध्रुवपदासाठी काही शिल्लकच राहत नाही. पहिलं कडवं जवळजवळ बोलल्यासारखं म्हणावं. चौथी चूक लयीची: उत्साहात ध्रुवपद पळतं. वाढवायचा तो आवाज, वेग नव्हे.

मग हे भिंतीचं गाणं कसं झालं?

भिंत ९ नोव्हेंबर १९८९ च्या रात्री उघडली. त्या संध्याकाळी पूर्व जर्मनीचे पक्षप्रवक्ते ग्युंटर शाबोव्स्की यांनी पत्रकार परिषदेत नवे प्रवासनियम 'ताबडतोब' लागू होतात असं अपुऱ्या माहितीवर सांगून टाकलं, लोक नाक्यांवर लोटले, आणि रात्री साडेअकराच्या सुमारास बोर्नहोल्मर रस्त्यावरच्या नाक्याचं फाटक उघडावं लागलं. तोपर्यंत गाणं जगाने ऐकलेलंच नव्हतं.

ते आलं 'क्रेझी वर्ल्ड' या अल्बममध्ये, नोव्हेंबर १९९० मध्ये. तोवर, ३ ऑक्टोबरला, जर्मनी एक होऊनही महिना उलटला होता. कंपनीने पहिलं सिंगल (अल्बममधून वेगळं विकलं जाणारं गाणं) म्हणून दुसरंच गाणं काढलं. 'विंड ऑफ चेंज' वेगळं विक्रीला आलं ते जानेवारी १९९१ मध्ये. त्याच्या व्हिडिओत भिंत उभारतानाची आणि पडतानाची दृश्यं घातली गेली. पाहणाऱ्यांच्या मनात गाठ बसली ती तिथे. जर्मनीत ते ११ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिलं, अमेरिकेत चौथ्या आणि ब्रिटनमध्ये दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेलं. बँडने त्याची रशियन आणि स्पॅनिश आवृत्तीही गायली.

अमेरिकेत गाणं वर चढत होतं तेव्हाच, १९ ते २१ ऑगस्ट १९९१ या तीन दिवसांत, मॉस्कोत गोर्बाचेव्ह यांच्याविरुद्ध बंड झालं आणि फसलं. १४ डिसेंबर १९९१ रोजी गोर्बाचेव्ह यांनी बँडला क्रेमलिनमध्ये भेटायला बोलावलं. बँडने गाण्याच्या कमाईतली रक्कमही त्यांच्याकडे सुपूर्द केली. ११ दिवसांनी, २५ डिसेंबरला गोर्बाचेव्ह यांनी राजीनामा दिला आणि सोव्हिएत संघ संपला.

"गाण्याने कधी सत्ता बदलते का?"

या गाण्याने तर नाहीच, तारखाच तसं सांगतात. भिंत पडली ती लाइपझिगच्या मोर्चांमुळे, हंगेरीने सीमा खुली केल्यामुळे, पोलंडच्या निवडणुकांमुळे, पूर्व जर्मनीच्या रिकाम्या तिजोरीमुळे आणि मॉस्कोने रणगाडे न पाठवल्यामुळे.

तरी गाणी आणि बदल यांचा संबंध नाकारता येत नाही. मॉस्कोच्या त्या महोत्सवानंतर दहाच दिवसांनी, २३ ऑगस्ट १९८९ ला, एस्टोनिया, लाटव्हिया आणि लिथुआनिया या तीन देशांत ६०० किलोमीटरहून लांब मानवी साखळी उभी राहिली. एस्टोनियातल्या चळवळीचं नावच 'गाती क्रांती' असं पडलं, कारण लोक हजारोंनी जमून बंदी असलेली देशगीतं म्हणत. तिथे गाणं हे कृतीचं साधन होतं. 'विंड ऑफ चेंज'चं काम निराळं: घडून गेलेल्या गोष्टीसाठी लोकांना एक सूर हवा होता, तो यात मिळाला.

"ते तर सीआयएने लिहिलं होतं ना?"

हा प्रश्न २०२० पासून वारंवार येतो. अमेरिकन पत्रकार पॅट्रिक रॅडन कीफ यांनी त्या वर्षी या अफवेचा माग काढणारी आठ भागांची पॉडकास्ट मालिका केली. त्यांना एका ओळखीच्या माणसाकडून ही गोष्ट कळली होती. शोधाअंती पुरावा हाती लागला नाही, आणि खुद्द माइने यांनी समोरासमोर नकार दिला.

मग अफवा लोकांना का पटते? कारण सीआयएने संस्कृतीच्या क्षेत्रात खरोखर पैसा ओतला होता. १९५० मध्ये बर्लिनला स्थापन झालेली 'काँग्रेस फॉर कल्चरल फ्रीडम' ही लेखक-विचारवंतांची संघटना सीआयएच्या पैशावर चालत होती, हे १९६६-६७ मध्ये उघड झालं. याच संघटनेची भारतातली परिषद मार्च १९५१ मध्ये मुंबईत भरली होती. म्हणजे शंका हवेतून आलेली नाही. पण एका ठिकाणी चोरी झाली म्हणून शेजारच्या घरातली प्रत्येक वस्तू चोरीची ठरत नाही. ज्या गाण्याला कंपनी पहिलं सिंगल करत नाही, जे भिंत पडल्यावर वर्षाने येतं, ते प्रचाराचं हत्यार म्हणून फारच उशिरा पोहोचलेलं आहे. माझ्या मते या कथेत दम नाही.

"रशियातल्या लोकांचं स्वतःचं गाणं नव्हतं का?"

होतं, आणि हा आक्षेप मला सगळ्यांत वजनदार वाटतो. लेनिनग्राडच्या किनो या बँडचा गायक विक्टर त्सोय याने १९८६ मध्येच 'बदल हवा' अशी हाक देणारं गाणं गायलं होतं. त्यात पाहुण्याचं कुतूहल नाही. तिथल्याच स्वयंपाकघरात बसलेल्या, कंटाळलेल्या, अडकलेल्या तरुणाची तगमग आहे. त्सोय १५ ऑगस्ट १९९० ला मोटार अपघातात गेला, वयाच्या २८ व्या वर्षी. २०२० मध्ये बेलारूसच्या मोर्चांत लोकांनी म्हटलं ते त्याचं गाणं.

शिवाय वारा ज्यांच्या अंगावरून गेला त्यांना तो सुखाचाच वाटला असं नाही. जानेवारी १९९२ मध्ये रशियात किमतींवरचं नियंत्रण उठलं आणि लोकांची आयुष्यभराची बचत महागाईत विरघळली. पश्चिमेत ज्यांच्या नावाने टाळ्या पडायच्या त्या गोर्बाचेव्ह यांना १९९६ च्या रशियन अध्यक्षीय निवडणुकीत सुमारे अर्धा टक्का मतं मिळाली. हे ठाऊक असलेल्या रशियन माणसाला ही शिट्टी ऐकून काय वाटत असेल, याचा विचार गाणं आवडणाऱ्यांनी करायला हवा. मला गाणं आवडतं, आणि हा विचार केल्यावर ते जास्त हळवं वाटतं.

२०२२: शब्द का बदलले

फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर आक्रमण केलं. मार्चपासून लास वेगासमध्ये स्कॉर्पियन्सचे कार्यक्रम होते. रशियाबद्दलचा तो हळुवारपणा आता जसाच्या तसा गाणं बरोबर नाही, असं ठरवून माइने यांनी सुरुवातीच्या ओळी बदलल्या. मॉस्क्वा आणि गॉर्की पार्क गेले. त्यांच्या जागी आलं: माझं मन ऐका, ते म्हणतंय युक्रेन, वारा बदलण्याची वाट पाहतंय.

चाल तीच, मात्रा जवळपास तेवढ्याच, पण क्रियापद बदललं आहे. १९८९ मध्ये गाणारा वारा ऐकत होता, म्हणजे वारा सुटलेला होता. आता तो वाट पाहतोय. जुनी ओळ खोटी ठरली म्हणून लपवलेली नाही. मूळ ध्वनिमुद्रण जसंच्या तसं उपलब्ध आहे. बदल फक्त मंचावरचा. एखाद्या कार्यक्रमाचं चित्रण समोर आलं आणि शिट्टीनंतर मॉस्क्वाऐवजी युक्रेन ऐकू आलं, तर ते २०२२ चं किंवा त्यानंतरचं आहे असं समजावं.